गुडघ्याचं विचारून घे

रेल्वेच्या मैदानावर आमचं कोर्ट सिमेंटचं,
एप्रिलात सकाळी साडेसातलाच तळवे भाजतात.
शेडकडची रिंग डावीकडे झुकलेली,
म्हणून भुसावळच्या पोरी उजवीकडून जास्त टाकतात,
हे बाहेरच्यांना ठाऊक नाही.
पुण्याच्या सरांनी विचारलं, डावीकडून का येत नाहीस?
सवय, म्हटलं.
घरचं कशाला बाहेर.

बारावीचा निकाल लागायचाय
पण पप्पांच्या मोबाइलात तीन कॉलेजं येऊन बसलीत.
पुणं म्हणतं, होस्टेल फुकट, वर्षाला बुटांचे दोन जोड,
रोज सहा अंडी.
नाशिक म्हणतं, फी माफ, बाकीचं बघू.
धुळं काहीच म्हणत नाही.
तिथल्या बोंडे मॅडमनी एकदाच फोन केला,
विचारलं, अभ्यासात तुला काय आवडतं?
भूगोल, मी म्हटलं, आणि गप्प झाले,
कारण हे मला आधी कुणी विचारलं नव्हतं.
आई म्हणाली, ही कसली खेळाची बाई!

पप्पा लोकोशेडमध्ये फिटर.
त्यांनी वहीत पट्टीनं रकाने आखले:
फी, भाडं, मेस, गाडी कुठं बदलायची.
शेवटचा रकाना कोरा सोडला,
त्याला नावही दिलं नाही.

तडवी सर रावेरकडचे. शिट्टी वीस वर्षं तीच,
तिच्यातला दाणा केव्हाच झिजलाय,
ती वाजत नाही, खाकरते.
ते म्हणाले, कपाटातले कप पाहून येऊ नको.
मागच्या साली जिचा गुडघा गेला
ती पोरगी आता कुठंय,
तेवढं विचारून घे.

पुण्यात कोर्ट लाकडाचं.
स्वतःच्या बुटांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला,
किर्र, किर्र,
जणू कुणी माझं नाव घासून लख्ख करतंय.
दंडावर पेनानं एकतीस लिहिलं.
उंची मोजली, हात पसरून मोजले, उडी मोजली.
पाच फूट अकरा.
भुसावळात ही लग्नाची अडचण,
इथं बुटांचे दोन जोड.
मग मी गुडघ्याचं विचारलं.
दोघा सरांनी एकमेकांकडे पाहिलं.
कोण, ती साताऱ्याची? गेली असेल घरी.
पाण्याच्या रांगेत एक मुलगी हळूच म्हणाली,
केतकी नाव होतं तिचं.
नंबर मात्र तिच्याकडेही नव्हता.

धुळ्याला चाळीसगावला गाडी बदलून गेलो.
कोर्टावर सायकली लावलेल्या, त्या आधी हलवल्या.
रिंगला जाळी नाही.
एका खुर्चीवर मुलगी, दुसऱ्या खुर्चीवर तिचा पाय,
गुडघ्याला पट्टा, मांडीवर स्कोअरची वही,
आणि तोंड सतत चालू:
अगं पास दे ना! दिसत नाही का ती मोकळी?
रंजिला पावरा, धडगावची.
ऑपरेशन होऊन पाच महिने झालेत.
मॅडम मला स्कूटरवर दवाखान्यात नेतात, म्हणाली,
रस्ताभर पेपरची उत्तरं विचारत, वैताग.
मग म्हणाली, तुझा डावा पाय उशिरा पडतो गं.
मी तिला रिंगचं सांगितलं.
शेडचं, झुकण्याचं, सगळं.
ती हसली. म्हणाली, आमच्या आश्रमशाळेत तर
रिंगच नव्हती, टोपली होती, बुडाची.
दरवेळी कुणीतरी चढून चेंडू काढायचा.

येताना पप्पांनी वही उघडली नाही.
खिडकीतून केळीच्या बागा पाहत राहिले,
मग म्हणाले, अंडी तर घरीही खाता येतील.
मी काही बोलले नाही.
पुण्याचा फोन सोमवारपर्यंत थांबणार आहे.
ते लाकूड अजून कानात वाजतं,
खोटं कशाला बोलू.

आज सहालाच मैदानावर गेले.
शेडकडच्या रिंगवर डावीकडून शंभर टाकले.
एकोणीस पडले.
सर मोजत होते. शिट्टी तोंडात होती,
वाजवली नाही.